खालील वाक्ये दुरुस्त करा

४ फेब्रुवारी

छोटे,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं. सहा वर्षं आपण एकमेकींशी धड बोललो नाही, आणि आज एकदम लाडात आले तर तुला वाटेल मला काही हवंय. मला काही नकोय. कामाचं लिहिते.

तुझ्या होणाऱ्या ऑफिसचं पत्र आपल्या छापखान्यात आलं आहे. मालकांनी ते उघडलं आणि माझ्या टेबलावर आणून ठेवलं, कारण मुद्रितशोधन विभागाची प्रमुख आता मी आहे. तुला कोणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. विभाग म्हणजे मी आणि एक चष्मेवाला, पण प्रमुख ती प्रमुख.

पत्रात लिहिलंय की तुला शालेय पुस्तकांची मुख्य मुद्रितशोधक नेमायचं चाललं आहे. तुझी परीक्षा घेतली, तू पहिली आलीस, सगळ्यांना पसंत आहेस. फक्त एक शंका आहे. आपल्याकडे छापलेल्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात पान एकशे बारावर जो घोटाळा झाला होता, तो या बाईंच्या हातून झाला होता का, हे विभागप्रमुखांनी सहीनिशी कळवावं. मुदत पंधरा मार्च.

म्हणजे तुझी नोकरी माझ्या सहीवर अडली आहे. बघ, कसे दिवस येतात.

मला खोटं लिहिता येत नाही, तुला माहीत आहे. फाइलमध्ये जे आहे तेच लिहावं लागेल, आणि फाइलमध्ये काय आहे तेही तुला माहीत आहे. तरी म्हटलं, आधी तुला कळवावं. तुझ्या हाताखाली म्हणे नऊ माणसं असणार. नऊ! एवढ्या माणसांना तू सांगणार तरी काय? आणि तुला वेगळी खोली मिळणार आहे का? दाराची?

आई बरी आहे. तुझा विषय निघाला की अजून तेच म्हणते, ‘हुशार होती गं, पण लक्ष नसायचं. एका डुलकीत नोकरी घालवली.’ मी काही बोलत नाही.

ताई

१२ फेब्रुवारी

छोटे,

तुझं कार्ड मिळालं. ‘ताई, फाइलमध्ये आहे तेच लिही.’ पाच शब्द, एक स्वल्पविराम, एक पूर्णविराम. सगळं जागच्या जागी. सहा वर्षांनी बहिणीला लिहायचं तर दोन ओळी जास्त लिहिल्या असत्यास तर शाई संपली नसती.

मला वाटलं होतं तू विनवणी करशील. नाहीतर भांडशील. या दोन्हींपैकी काहीही केलं असतंस तरी मला उत्तर देता आलं असतं. पण तू नेहमीसारखी एक पायरी वर जाऊन उभी राहिलीस. लहानपणापासून हेच. भांडण मी करायचं आणि शहाणी तू ठरायचं.

आता विषय काढलाच आहेस (काढला मीच, पण असो) तर एकदा सगळं नीट लिहून टाकते. तुला इंग्रजी कोणी शिकवलं? मी. ए कुठे लावायचं आणि ॲन कुठे, हे स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने लिहून कोणी शिकवलं? मला ते कळायला शाळेतलं एक अख्खं वर्ष लागलं होतं. आपल्या भाषेत ‘छत्री आण’ म्हटलं की माणूस छत्री आणतो. इंग्रजीत आधी ठरवायचं, कुठलीही एक छत्री का तीच ती छत्री, आणि कुठलीही असेल तर पुढचा शब्द तोंडातून कसा निघतो ते बघून ए का ॲन ते निवडायचं. मी तुला म्हटलं, अक्षराकडे बघू नकोस, कान दे. अवर लिहिताना पुढे एच असतो, पण तोंड ‘अ’ म्हणूनच उघडतं, म्हणून ॲन अवर. युनिव्हर्सिटीचं पहिलं अक्षर स्वर आहे, पण तोंडातून ‘य’ निघतो, म्हणून ए. तू हसलीस आणि म्हणालीस, ‘एवढंच?’ आणि पन्नास शब्द घडाघडा बरोबर सांगितलेस. मी बक्षीस म्हणून तुला माझी नवी पेन्सिल दिली आणि न्हाणीघरात जाऊन रडले. वर्षभराचं माझं दुखणं तू एका दुपारीत संपवलंस, त्याचं कौतुक करायचं तरी कसं?

मग छापखान्यात तुला कोणी आणलं? तेही मीच. समोरासमोर दोन टेबलं, एकीने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसरीने प्रुफावर बोट फिरवायचं. वाचताना ए आणि ॲन गिळले जातात, ऐकणारीला कळतच नाहीत, म्हणून पेन्सिलीची टकटक मी काढली. ए आला की एक टक, ॲन आला की दोन. पहिल्या आठवड्यात बाइंडिंगच्या बायका दार उघडून बघून गेल्या, आत सुतार आलाय का म्हणून. ती टकटक माझी होती, छोटे. हे तू कधी कोणाला सांगितलंस?

आणि मग सर आले. निवृत्त मास्तर, काखेत हस्तलिखित, अख्खं पुस्तक ए आणि ॲनवर. पस्तीस वर्षं शिकवून त्यांचं मत झालं होतं की मुलं मोठे शब्द पाठ करतात आणि या दोन टीचभर शब्दांपाशी मरतात. त्यांना वाचायला तू मिळालीस, कारण मी त्या महिन्यात दिनदर्शिकांच्या कामाला जुंपलेली होते. आठव्या दिवशी ते मालकांना सांगताना मी ऐकलं, ‘ही मुलगी म्हणजे कान आहेत कान! आणि ही तिची एक बहीण.’

एक बहीण. जशा काही आपण आठ जणी होतो.

कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. बास. बाकी फाइलमध्ये आहेच.

ताई

१६ फेब्रुवारी

छोटे,

तुझ्या ऑफिसला उत्तर लिहायला आज बसले होते. त्यांचं पत्र इंग्रजीत, म्हणून उत्तरही इंग्रजीत. ‘इट वॉज ॲन एरर’ इथपर्यंत चार वेळा लिहिलं. ॲन बरोबर, एरर बरोबर. पुढे कोणाकडून झाली ते लिहायची वेळ आली की कागद फाडते. चष्मेवाला म्हणाला, ‘ताई, पत्र लिहिताय का पतंग करताय?’ त्याला दिनदर्शिकेचं प्रूफ देऊन गप्प बसवलं.

त्या पुस्तकाची प्रस्तावना सगळ्यात शेवटी छापायला आली होती, आठवतं? तू जेवायला बाहेर गेली होतीस, म्हणून ती माझ्याकडे आली. सरांनी तुझ्यावर अर्धं पान लिहिलं होतं. पेन्सिलीच्या टकटकीवर चार ओळी. ‘या तरुण मुद्रितशोधिकेने शोधून काढलेली ही अभिनव पद्धत.’ अभिनव! मी त्यातली एक वेलांटी दुरुस्त केली आणि प्रूफ पुढे पाठवलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मग डोकं दुखतं सांगून लवकर घरी गेले. त्यामुळे त्या दिवशी पुढे छापखान्यात काय झालं ते मला माहीत नाही.

हे आपलं सहज लिहिलं.

ताई

२१ फेब्रुवारी

छोटे,

मागच्या पत्रातलं शेवटचं खोटं आहे. मी घरी गेले नाही.

दोन दिवस झोप नाही. आईने विचारलं, ‘पोटात दुखतंय का?’ तिला काय सांगू, तीस वर्षं दुखतंय म्हणून?

प्रस्तावना पाठवली आणि मी तुझ्या टेबलाशी गेले. तुझा गठ्ठा बांधून तयार होता, वर तुझी शेवटची सही, दुपारी अक्षरजुळणीकडे जायचा होता. मला एकच हवं होतं. एक चूक. तुझ्या हातून सुटलेली एक चूक, जी मी मालकांसमोर नेऊन ठेवीन आणि म्हणेन, बघा तुमचे कान. गाठ सोडली, मधूनच गठ्ठा उघडला आणि पान एकशे बारा हाताला लागलं.

देवाशपथ सांगते, मला वाटलं लॉटरी लागली. ए अंब्रेला. ॲन युनिव्हर्सिटी. ए अवर. बारा वाक्यं आणि बाराही चुकलेली! एका पानावर बारा! लाल पेन घेतलं आणि बाराही दुरुस्त केली, सुबक, समासात खुणा करून. मग विचार केला, आत्ता मालकांकडे नेलं तर मी चहाडखोर ठरेन. छापून येऊ दे, मग हळूच सांगू की बाराच्या बारा चुका मी वाचवल्या. गठ्ठा तसाच बांधला. तो वेळेवर जुळणीकडे गेला. जुळाऱ्याचं काम लाल खुणा बघून अक्षरं बदलायचं. कोणाची खूण, हे तो कशाला विचारतोय?

पान एकशे अकरा मी बघितलंच नाही. त्याच्या तळाशी शेवटची ओळ होती, ‘खालील वाक्ये दुरुस्त करा.’

छोटे, वाचनाच्या धंद्यात वीस वर्षं काढलेल्या बाईने स्वाध्यायातल्या मुद्दाम घातलेल्या चुका दुरुस्त करून टाकल्या. एखाद्या शिकाऊ पोराने केलं असतं तर मी त्याला आठवडाभर हसले असते. पुस्तक शाळाशाळांत गेलं. बारा बिनचूक वाक्यं आणि वर हुकूम, दुरुस्त करा. मागे उत्तरांच्या पानावर तीच बारा वाक्यं, टिंबासकट. कुठल्याशा मुलीने प्रत्येक वाक्याखाली लिहिलं होतं, ‘बरोबर तर आहे, काय दुरुस्त करू?’ आणि तिला शून्य मिळालं होतं. तिच्या वडिलांनी ती वही सरांना पाठवली.

सर आले त्या दिवशी ओरडले असते तर बरं झालं असतं. खुर्चीत बसले आणि म्हणाले, ‘पस्तीस वर्षं मुलांच्या चुका काढल्या. आता मुलं माझ्या काढतात.’ त्यांना पाणी मी दिलं. मालक गठ्ठा उघडायला निघाले तेव्हा तू म्हणालीस, ‘उघडायचं कशाला? शेवटची सही माझी आहे.’ आणि मी पाण्याचा ट्रे हातात धरून उभी राहिले. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. तू गेलीस. मी राहिले. पुढच्या वर्षी प्रमुख झाले.

मला वाटतं, हे तुला आजपर्यंत माहीत नव्हतं. एवढी वर्षं मी याच आधारावर जगले की तुला माहीत नाही.

उद्या गोदामात जाऊन तो गठ्ठा काढते. आता तो मालकांपुढे ठेवल्याशिवाय सुटका नाही.

ताई

२६ फेब्रुवारी

छोटे,

गठ्ठा सापडला. बाइंडिंगच्या मागच्या खोलीत, जुन्या शिशाच्या पेट्यांखाली. एकशे दहा आहे, एकशे अकरा आहे, मग एकदम एकशे तेरा.

मी जमिनीवर बसून तीन वेळा पानं मोजली. मग कळलं. ते पान तू काढलंस. मालकांनी विचारायच्या आधीच काढलं होतंस, म्हणून तर उघडू दिलं नाहीस. म्हणजे तू माझं अक्षर ओळखलं होतंस, आणि सगळं समजून माझ्यासमोर मान खाली घालून उभी राहिलीस.

मला काय वाटलं सांगू? उपकार आठवून रडू यायला हवं होतं ना? राग आला. याही बाबतीत तूच मोठी! मी चूक करून लहान, तू सोसून महान. तुझ्या कानांचा हेवा केला, सरांच्या कौतुकाचा केला, आता तुझ्या चांगुलपणाचाही करायचा का? तिथल्या धुळीत बसून मी तो केला. पोटभर केला.

मग उठून मालकांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. टकटकीपासून लाल पेनापर्यंत.

त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, डोळे पुसले आणि म्हणाले, ‘ताई, तुमच्यासारखी बहीण प्रत्येकाला मिळो.’

मी म्हटलं, ‘अहो, मी खरं सांगतेय!’

‘कळतंय हो मला. धाकटीची नोकरी लागावी म्हणून स्वतःच्या अंगावर घेताय. आणि एवढी मोठी वाचक कधी स्वाध्याय दुरुस्त करील का? काहीतरी पटेल असं तरी सांगायचं!’

‘अहो मालक, केला मी!’

‘पण छापखान्याच्या कागदावर मी असं खोटं जाऊ देणार नाही. फाइलमध्ये सही तिची आहे. पुरावा काय तुमच्याकडे?’

पुरावा नाही. पुरावा तू नेलास. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळीकडे पसरली होती. बाइंडिंगच्या बायकांनी माझ्यासाठी चहा मागवला. एक जण म्हणाली, ‘नाहीतर आमची बहीण, सख्खी वैरीण!’ चष्मेवाल्याने माझ्यासाठी खुर्ची पुढे केली, जी त्याने चार वर्षांत केली नव्हती. वीस वर्षं ज्या कौतुकासाठी मी तडफडले ते एकदाचं मिळालं, आणि तेही तुझं उष्टं.

आणि खरं सांगायचं तर, चहा संपेपर्यंत मला ते आवडलं.

ते पान तुझ्याजवळ आहे का? फाडलं असशील तर संपलंच. तुझी नोकरी गेली आणि मी जन्मभर थोर बहीण म्हणून मिरवत राहणार. असेल तर पाठव. विनवणी करते. तू केली नाहीस, मी करते.

ताई

९ मार्च

छोटे,

पान मिळालं. पुठ्ठ्यात घालून, कोपरेही न दुमडता पाठवलंस.

समासात मी काय लिहिलं होतं ते मी पार विसरले होते. बारा खुणा आठवत होत्या. पण खाली लाल शाईत, माझ्या अक्षरात, अधोरेखित: ‘बाराच्या बारा सुटल्या! कौतुकात डोळे गेले वाटतं?’ हे वाचून तू सहा वर्षं गप्प बसलीस.

आणि तुझी चिठ्ठी. या वेळी पाच शब्दांपेक्षा जास्त आहेत म्हणून मोठ्या हावरटपणाने वाचली. ‘ताई, मला राग आला नव्हता असं समजू नकोस. फार आला होता. म्हणूनच पान जपून ठेवलं, कधीतरी तुझ्या तोंडावर मारीन म्हणून. दरवर्षी काढून बघायचे. आणि टकटक तुझी हे मी सरांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण ते कौतुक मला गोड लागलं.’

तुला कल्पना नाही हे वाचून मला किती बरं वाटलं. तू पण! तू पण पान जपून दात-ओठ खात होतीस! मला वाटत होतं या घरात वाईट मी एकटीच.

पान घेऊन मालकांकडे गेले. त्यांनी ती समासातली ओळ वाचली. पुन्हा एकदा वाचली आणि म्हणाले, ‘हे अक्षर तर तुमचं आहे.’ चहा नाही, डोळे पुसणं नाही. म्हणाले, ‘तुमच्याबद्दल काय करायचं ते बघू, आधी त्या मुलीचं पत्र जाऊ दे.’ काल ते गेलं. पानाची प्रत जोडली आहे, माझी सही आहे. चूक कोणाकडून झाली ते या वेळी एका झटक्यात लिहिलं. आजपासून चष्मेवाला प्रमुख आहे आणि मी त्याच्या हाताखाली. तो मूळ प्रत वाचतो, मी प्रुफावर बोट फिरवते. उच्चार फार गचाळ आहेत त्याचे, पण ते मी कोणाला सांगत नाही. नवीन सवय आहे, बघू किती दिवस टिकते.

सरांनाही लिहिलं. त्यांचं उत्तर आलेलं नाही. येईल असं वाटत नाही, आणि येऊ नये हेच बरोबर.

सगळ्यात अवघड आईला सांगणं होतं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘तरी मी म्हणते, छोटीचं लक्ष नव्हतं असं व्हायचंच नाही.’ सहा वर्षं रोज ती नेमकं याच्या उलट म्हणत होती, आणि मी म्हणू देत होते. मी म्हटलं, ‘आई, मला बोल तरी काहीतरी.’ तिने हात धुतले, कपाटावरून पिशवी काढली आणि साड्या भरायला लागली. तुझ्याकडे येते आहे, परवाच्या गाडीने. तिकीट मीच काढून आणलं.

माझ्यासाठी तिने कधी एवढ्या घाईने पिशवी भरली नाही. बघ, हे लिहितानाही जळतेच आहे.

तिला विचारलं, ‘मी येऊ का बरोबर?’

तिने साडीची घडी मोडली, परत घातली आणि म्हणाली, ‘मला काय विचारतेस? तिला विचार.’

म्हणून विचारते.

ताई